जुन्या मोटारीच्या तारांचा जीर्णोद्धार



यंत्र बंद पडलें म्हणजे तें अकस्मात् बिघडलें असें आपण म्हणतों. परंतु बहुधा तें पुष्कळ दिवसांपासून आपणांस कांहीं सांगत असतें, आणि आपणच तिकडे लक्ष देत नसतों. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत या गोष्टीचा आम्हांस जो अनुभव आला, तो येथें निवेदन करावा असें योजिलें आहे. त्यांत वर्गांत शिकविलेल्या विद्युच्छास्त्राचा उपयोग आहे, हातांनीं करावयाचें काम आहे, आणि एका शिक्षकाच्या चुकीची कबुलीही आहे. ही कबुली देतांना संकोच वाटतो. तथापि जी चूक आम्हीं केली तीच उद्यां तुमच्यापैकीं कोणी करूं नये, म्हणून ती लपविणें योग्य नव्हे.

आमच्या घरीं एक प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. आमच्या वडिलांनीं ती १९८८ सालीं घेतली. ते आतां हयात नाहींत. म्हणून ती गाडी विकावी असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. या गाडीचा इतिहासही महाराष्ट्राचाच आहे. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या उद्योगपतींनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली, आणि तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्यावरून मोटारी तयार होऊं लागल्या. त्यांपैकीं एका नमुन्यास पुढें १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीवरून ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती सर्वांच्या परिचयाची झाली. तिचें उत्पादन विसावें शतक संपतां संपतां थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें टॅक्सी म्हणूनही तिनें मुंबईचा निरोप घेतला. म्हणजे आतां जी पद्मिनी रस्त्यावर दिसते, तिच्या तारा निदान वीसपंचवीस वर्षांच्या तरी असावयाच्याच. आमच्या गाडीच्या तर त्याहून जुन्या होत्या.

मे महिन्यांतील एका सायंकाळीं आम्ही जालन्याहून मंठ्यास परत येत होतों. मागच्या आसनावर आमची वृद्ध आई व धाकटी मुलगी बसल्या होत्या. वाटूर फाटा मागें पडल्यावर मुलगी म्हणाली, “बाबा, काहीतरी जळतंय.” आम्हांस वाटलें, शेतांत कोणी पऱ्हाट्या पेटविल्या असतील, त्या दिवसांत तसा वास आमच्या भागांत नवा नाहीं. आम्ही तसेंच पुढें चाललों. थोड्याच वेळांत बॉनेटच्या फटींतून पांढरा धूर निघूं लागला. गाडी बाजूस घेऊन किल्ली फिरविली, दोघींस खालीं उतरवून दूर उभें केलें, आणि धूर विरळ झाल्यावर बॉनेट उघडून बॅटरीची तार पान्यानें सोडविली. ज्वाळा निघाली नव्हती, ही देवाची कृपा. त्या रात्रीं आम्ही एस्. टी. नें घरीं आलों, आणि दुसऱ्या दिवशीं एका शेतकरी बंधूच्या ट्रॅक्टरनें गाडी ओढून आणली.

मंठ्यांत मोटारींच्या विजेचें काम करणारा एक तरुण आहे. तो आमचाच माजी विद्यार्थी. विज्ञानांत तो कसाबसा उत्तीर्ण होत असे, आणि त्याच्या प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा आम्हीं एकदां नव्हे, तीनदां लिहिला होता. त्यानें जळालेल्या तारांच्या जुडग्याकडे फारसें पाहिलें नाहीं. तो सरळ फ्यूजच्या पेटीकडे वळला, झांकण काढलें आणि म्हणाला, “सर, ही तार इथं कुणी घातली?”

ती तार आमच्याच हातची होती. चार वर्षांपूर्वीं एका पावसाळी रात्रीं वायपर व हॉर्न यांच्या वाटेवरील फ्यूज वारंवार उडूं लागला. जवळ दुसरा फ्यूज नव्हता. म्हणून घरगुती वायरीचा एक तुकडा सोलून, पदरावर पदर देऊन, आम्हीं त्या जागीं बसविला. ‘तूर्त घरीं पोहोंचूं, मग पाहूं’ असा विचार होता. वायपर फिरूं लागला, आणि तें ‘मग’ कधींच आलें नाहीं. हें सर्व आम्हीं त्यास सांगितलें. तो क्षणभर थांबून इतकेंच म्हणाला, “सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, फ्यूज सगळ्यांत कमजोर असायला हवा म्हणून!”

लक्ष देत नव्हता तो कोण, याचा उलगडा आम्हांस त्या वेळीं झाला.

फ्यूज कां असतो?

घरच्या दिव्यास दोन तारा लागतात. एकीनें प्रवाह येतो व दुसरीनें परत जातो. मोटारींत बहुतेक ठिकाणीं एकच तार दिसते. परतीची वाट म्हणून गाडीचें लोखंडी शरीरच उपयोगांत आणलेलें असतें. बॅटरीचें एक टोंक, आमच्या गाडींत ऋणाग्र, जाड तारेनें या शरीरास जोडलेलें असतें. यासच कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. या योजनेनें अर्धें तांबें वांचतें. परंतु एक धोकाही उत्पन्न होतो. धनाग्राकडील कोणत्याही तारेचें वेष्टन फाटून ती लोखंडास टेंकली, कीं प्रवाहास जवळची वाट मिळते. त्या वाटेंत दिवा नाहीं, हॉर्न नाहीं. रोध जवळजवळ नाहींच.

जर्मन शास्त्रज्ञ ओहम यानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम तुम्हांस ठाऊक आहे: दाबास रोधानें भागलें म्हणजे प्रवाह मिळतो. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. तार लोखंडास पुरती टेंकली आणि सर्व वाटेचा रोध ०.१ ओहम राहिला असें धरूं; तर प्रवाह १२० अँपिअर होईल. त्यास १२ नें गुणिलें असतां १,४४० वॅट होतात, म्हणजे एका मोठ्या विजेच्या शेगडीएवढी उष्णता! जी तार दहापंधरा अँपिअरसाठीं केलेली आहे, तिच्यांत ही शेगडी पेटते, आणि तीही पेट्रोलच्या नळीपासून वीतभर अंतरावर.

म्हणून वाटेंत मुद्दाम एक अशक्त दुवा ठेवितात. जुन्या युरोपीय घडणीच्या गाड्यांत लहान कांडीसारखे फ्यूज असतात. त्यांत पांढरा ८ अँपिअरचा, तांबडा १६ चा व निळा २५ चा असा संकेत आहे. मर्यादेपलीकडे प्रवाह जाऊं लागला कीं त्यांतील पातळ पट्टी वितळते आणि वाट तुटते. फ्यूज उडाला म्हणजे तो बिघडला नव्हे. त्यानें आपलें कर्तव्य केलें. चार वर्षांपूर्वीं आमचा फ्यूज वारंवार उडत होता, कारण हॉर्नकडे जाणाऱ्या तारेचें वेष्टन रेडिएटरजवळ घांसून फाटलें होतें व ओलाव्यांत ती मधून मधून लोखंडास टेंकत होती. पहारेकरी ओरडत होता. आम्हीं त्याचें तोंड बांधलें. त्या दिवशीं तार पुरती टेंकली, फ्यूजच्या जागची जाड तार वितळली नाहीं, आणि तिच्याऐवजीं सबंध जुडगाच तापून शेजारच्या सात तारांचें वेष्टन वितळलें. हॉर्नची वाट किल्लीतून जाणारी होती, म्हणून किल्ली फिरवितांच प्रवाह थांबला. बॅटरीपासून किल्लीपर्यंत येणारी तार टेंकली असती, तर किल्लीचा कांहीं उपयोग झाला नसता.

तारा जीर्ण कां होतात?

तांबें सहसा जीर्ण होत नाहीं असें आपणांस वाटतें. परंतु तारेस शत्रु पुष्कळ आहेत. पहिला शत्रु उष्णता. तारेवरील वेष्टन बहुधा पी. व्ही. सी. चें असतें. तें मऊ राहावें म्हणून त्यांत एक तेलकट द्रव्य मिसळलेलें असतें. एंजिनच्या उष्णतेनें तें वर्षानुवर्षें उडून जातें, आणि वेष्टन कडक होऊन त्यास तडे जातात. साधें पी. व्ही. सी. सुमारें ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत टिकेल असें मानितात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत बाहेरच ४० अंशांवर पारा असतां धूर वाहून नेणाऱ्या तप्त नळांशेजारीं काय होत असेल, याची कल्पना करावी. दुसरा शत्रु कंप. म्हणूनच मोटारीची तार एकाच जाड तांब्याची नसून अनेक बारीक तंतूंची असते. तरीही टोंकाशीं तंतु एकएक करून तुटतात. तिसरा शत्रु बॅटरीच्या आम्लाची वाफ व ओलावा. त्यांनीं तांब्यावर हिरवा किंवा काळा थर चढतो, आणि तो थर वेष्टनाच्या आंतूनही सरकत जातो. चौथा शत्रु घांसणें, आणि पांचवा उंदीर. सुगीनंतर शेतें मोकळीं झालीं, कीं उंदरांस बॉनेटखालची ऊब फार आवडते.

यांपैकीं सांध्याचा दोष सर्वांत फसवा. सांध्यावर मळ बसून केवळ ०.२ ओहम रोध उत्पन्न झाला आणि त्यांतून १० अँपिअर प्रवाह गेला, तर जूलच्या नियमाप्रमाणें प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे २० वॅट उष्णता तेथें निघते. डाखकाम करण्याची लहान इस्तरी २५ वॅटांची असते. म्हणजे मळलेला सांधा ही बॉनेटखालीं सतत तापत ठेविलेली डाखइस्तरीच होय; आणि येथें फ्यूजही उडत नाहीं, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो. तेव्हां फ्यूज हा शॉर्टचा पहारेकरी आहे, मळलेल्या सांध्याचा नव्हे. तेथें डोळ्यांनींच पहारा केला पाहिजे.

काम कसें केलें?

त्या तरुणानें आम्हांस मदतनीस म्हणून घेतलें, आणि आठ दिवस आम्हीं त्याच्या हाताखालीं काम केलें. त्याची रीत क्रमानें सांगतों.

प्रथम बॅटरी सोडविली. आणि तीही ऋणाग्राकडून. याचें कारण मुलांनीं नीट समजून घ्यावें. धनाग्राचा नट आधीं सोडवूं लागल्यास, पान्याचें दुसरें टोंक गाडीच्या लोखंडास लागतांच पान्यांतूनच शॉर्ट होतो व ठिणग्या उडतात. ऋणाग्र आधीं सुटलें म्हणजे शरीराकडील वाटच तुटते. मग पाना कोठेंही लागला तरी भय नाहीं. जोडतांना याच्या उलट, धनाग्र आधीं आणि ऋणाग्र शेवटीं.

दुसरें काम नकाशा काढण्याचें. एकही तार तोडण्यापूर्वीं त्यानें चोहों बाजूंनीं छायाचित्रें घेतलीं, आणि प्रत्येक तारेचा रंग, ती कोठून निघते व कोठें जाते, हें आम्हांस वहींत लिहावयास लाविलें. नंतर दोन्ही टोंकांस आंकडे लिहिलेल्या चिकटपट्ट्या बांधल्या. या वहीस दीड दिवस लागला. आम्हांस तो वेळ वांया गेला असें वाटलें. परंतु पुढें एकाही ठिकाणीं अडलें नाहीं, तें त्या वहीमुळेंच.

तिसरें, तारांची निवड. सबंध तयार जुडगाही जुन्या भागांच्या बाजारांत क्वचित् मिळतो. परंतु तो जर वर्षानुवर्षें पडून असेल, तर त्याचें वेष्टनही कडक झालेलें असतें. म्हणून आम्हीं मोटारीसाठींच बनविलेली, अनेक तंतूंची व अधिक उष्णता सोसणारी नवी तार आणविली, आणि शक्य तेथें मूळचेच रंग ठेविले. घरगुती वायर चालणार नाहीं. जाडी ठरवितांना गणित केलें. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १ मीटर तारेचा रोध सुमारें ०.०१७ ओहम असतो. अशी ५ मीटर तार घेऊन तींतून १० अँपिअर नेले, तर ०.८५ व्होल्ट दाब तारेंतच खर्च होतो. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतली, तर केवळ ०.३४ व्होल्ट. म्हणून पुढच्या दिव्यांस जाड तार, आणि पैशाएवढ्या इशारादिव्यास बारीक.

चौथें, एका वेळीं एकच तार. जुनी काढावयाची, तिच्याच लांबीची नवी थोडी सैल धरून कापावयाची, टोंकें बसवावयाचीं, आणि मगच पुढची. टोंकांस थिंबल बसवितांना आम्हीं डाख लावण्यास निघालों, त्यानें अडविलें. डाखेचें कथील तंतूंमधून वर चढतें व तेथवर तार ताठ होते. मग कंपानें ती नेमकी त्या ताठ भागाच्या कडेस तुटते. म्हणून योग्य मापाच्या चिमट्यानें थिंबल घट्ट दाबावें, ओढून पाहावें, आणि वरून उष्णतेनें आकसणारी नळी चढवावी. एंजिनच्या प्रकंपापासून तारेस वांचविण्याचा हाच मार्ग.

पांचवें, तारांची वाट. जेथें तार पत्र्याच्या भोंकांतून आंत जाते, तेथें रबराची कडी पाहिजेच. उघड्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. तप्त नळांपासून जुडगा दूर नेला, खांचांच्या नळींत घातला, आणि वीतवीतभर अंतरावर बांधला.

सहावें, अर्थ. एंजिन रबरावर बसविलेलें असतें. म्हणून त्यास शरीराशीं जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी स्वतंत्र असते. सेल्फ फिरवितांना शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह हिच्यांतून परततो. ही पट्टी कुजली, तर तो प्रवाह चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलींतून वाट काढतो व ती केबल तापते. आमची पट्टी निम्मी तुटलेली होती. नवी बसवून, तिच्याखालचा रंग व गंज खरवडून, धातु चकचकीत केला.

ठिणगीच्या जाड तारांची जात निराळी. त्यांत हजारों व्होल्टांचा दाब असतो. एंजिन चालू असतां त्यांस हात लावूं नये. आमच्या एंजिनच्या चार सिलिंडरांस ठिणगी १, ३, ४, २ या क्रमानें मिळते. म्हणून त्या तारा बदलतांनाही एकएकच बदलल्या.

दिव्यांचा उजेड

या कामांत एक लाभ अनपेक्षित झाला. आमच्या गाडीचे पुढचे दिवे कित्येक वर्षें मंद होते. दोन दिवे, प्रत्येकी ६० वॅट, म्हणजे १२० वॅट. त्यास १२ नें भागल्यास १० अँपिअर. हा सर्व प्रवाह बॅटरीपासून निघून, चालकाजवळच्या लहान बटणांतून फिरून, पुन्हां पुढें येत असे. दिव्यापाशीं दाब मोजला तो १०.४ व्होल्ट भरला. दिव्याचा दाब दहा टक्के घटला तर उजेड सुमारें तीस टक्के घटतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुष्कळ लोक अशा वेळीं १०० वॅटांचे दिवे बसवितात. त्यानें प्रवाह सोळा अँपिअरांवर जातो, आणि जुनें बटण व जुनी तार दोन्ही तापतात. खरा उपाय रिले. बटणानें केवळ रिलेचें लहानसें चुंबक चालवावयाचें, आणि दिव्यांचा प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमधून, जाड व आंखूड तारेनें परस्पर न्यावयाचा. तसें करितांच दिवे तेच असून दाब ११.९ व्होल्ट भरला. बैलगाड्या, ऊंस वाहणारे ट्रॅक्टर आणि मागें दिवा नसलेल्या सायकली ज्या रस्त्यांवरून जातात, त्या रस्त्यांवर हा फरक केवळ सोयीचा नव्हे.

परीक्षा

काम पुरें झालें म्हणून बॅटरी एकदम जोडूं नये. त्या तरुणानें बॅटरीचें ऋणाग्र व शरीर यांच्यामध्यें २१ वॅटांचा एक दिवा जोडला. आंत कोठें शॉर्ट असेल, तर हा दिवा पूर्ण तेजानें पेटेल. परंतु प्रवाह २१ भागिले १२, म्हणजे १.७५ अँपिअरांपलीकडे जाऊं शकणार नाहीं, आणि तार जळणार नाहीं. सर्व बटणें बंद असतां दिवा पेटला नाहीं. तेव्हां आम्हांस परीक्षेचा निकाल लागल्याइतका आनंद झाला! नंतर एकएक फ्यूज बसवून एकएक वाट तपासली. शेवटीं दिवे लावून प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहिला. कोठेंही ऊब लागली नाहीं.

मुलांनो, यांतील एक सूचना विशेष ध्यानांत ठेवा. हें काम जाणत्या माणसावांचून करूं नका. आणि कधीं बॉनेटमधून धूर दिसलाच, तर किल्ली बंद करून प्रथम माणसें उतरवावीं व दूर न्यावीं. ज्वाळा असेल तर बॉनेट सताड उघडूं नये. हवा मिळून आग भडकते. कोरड्या भुकटीचें लहान अग्निशामक गाडींत हातास येईल असें ठेवावें, आणि गाडीपेक्षां माणूस मोलाचा हें विसरूं नये.

पालकांसही दोन शब्द लिहावेसे वाटतात. आपला मुलगा किंवा मुलगी परीक्षेत मागें पडली, म्हणजे तिचें कशांतच लक्ष नाहीं असें आपण समजतों. आम्हीं शिक्षकही तसेंच समजतों. ज्या मुलानें आमच्या वर्गांत फ्यूजची व्याख्या कधीं धड लिहिली नाहीं, त्यानें ती मनांत धरून ठेविली होती. आणि ज्यानें ती शंभरदां फळ्यावर लिहिली, त्यानें फ्यूजच्या जागीं तार बसविली. मुलास हातांनीं काम करण्याची आवड असेल, तर ती कमी प्रतीची समजूं नका. काम पुरें झाल्यावर आम्हीं त्या तरुणाजवळ जुन्या शेऱ्यांचा विषय काढला व आमची चूक कबूल केली. तो हंसला, आणि म्हणाला, “सर, ते जाऊ द्या. पेटीच्या झाकणात दोन फ्यूज जादा ठेवलेत. तेवढं विसरू नका.”

ती जळकी तार व तो फ्यूजच्या जागचा तुकडा आम्हीं शाळेच्या विज्ञानाच्या खोलींत एका फळीवर लावून ठेविला आहे. खालीं हें कोणाच्या हातचें काम तें स्पष्ट लिहिलें आहे. ‘विद्युत्प्रवाहाचे परिणाम’ हा धडा आला, म्हणजे तो तुकडा खालीं काढून मुलांच्या हातीं देतों, आणि मगच पुस्तक उघडतों.